गुण गेल्यानंतरचे दहा सेकंद

‘हिंमत ठेव’, ‘घाबरू नकोस’, ‘मन घट्ट कर’ ही वाक्यं कुस्तीच्या मॅटभोवती सगळ्यात जास्त ऐकू येतात आणि सगळ्यात कमी कामाला येतात. मन घट्ट करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे चौदा वर्षांच्या पोराला कुणी सांगितलेलंच नसतं. पट, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला खाली पाडायचा डाव, शिकवताना आपण पाय कुठे, डोकं कुठे, पकड कुठे हे हाताला धरून दाखवतो. मनाची गोष्ट आली की नुसता आवाज चढवतो. माझं ठाम मत आहे की खंबीरपणा हा डावासारखाच घोटवून घ्यावा लागतो. आधी सुटा सुटा, मग वेगात आणि शेवटी अंग दमलेलं असताना.

गुण गेलेल्या पोराकडे एकदा नीट बघा. पट बसला, खाली गेला, २ गुण गेले, पंचांनी उभं केलं. तो उठतो कसा? एक हात मांडीवर टेकवून, सावकाश. पहिली नजर गुणफलकाकडे, दुसरी तुमच्याकडे. मग उगाच कॉस्च्यूमचा पट्टा ओढतो. मध्यभागी येईपर्यंत खांदे पडलेले असतात. शिट्टी वाजते आणि पाच-सात सेकंदांत त्याच पायाला पुन्हा पट लागतो. कुस्ती बहुतेक वेळा पहिल्या पटाला जात नाही, या दुसऱ्या पटाला जाते.

म्हणून मधल्या दहा सेकंदांसाठी तीन गोष्टी ठरवून द्या. पहिली, झटकन उठायचं, मांडीला हात न लावता. दुसरी, मध्यभागी चालत येताना एक लांब श्वास सोडायचा. ‘श्वास घे’ असं सांगू नका, ‘सोड’ म्हणा, कारण घाबरलेलं मूल श्वास भरून धरून ठेवतं आणि खांदे कानापर्यंत चढवतं. तिसरी, मनात दोनच शब्द म्हणायचे, आणि ते अंगाला काम सांगणारे हवेत: ‘हात आत’, ‘कंबर खाली’, ‘डोकं वर’. ‘पट खाऊ नकोस’ असं नकाराचं काही नको. ‘नकोस’ ऐकून शरीराला करायचं काय ते कळत नाही, पोरगं फक्त मागे सरकायला लागतं. मागे सरकलं की कडेला जातं आणि कडेबाहेर पाऊल पडलं की आणखी एक गुण गेला.

हे स्पर्धेत आयत्या वेळी आठवून होत नाही. सरावाच्या कुस्तीत दर वेळी गुण गेला की या तिन्ही गोष्टी झाल्याच पाहिजेत, त्याशिवाय कुस्ती पुढे सुरू करू नका. पहिला आठवडा मुलं हसतील, त्यांना ते नाटक वाटेल. महिनाभर नेटाने लावून धरलं की सांगावं लागत नाही. आणि गुण घेणाऱ्यालाही हीच सवय लावा. गुण मिळाल्याच्या आनंदात ढिला पडलेला गडी तितक्याच सहज सापडतो.

आता प्रसंगांचा सराव. १५ आणि १७ वर्षांखालील गटांत आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, मधे ३० सेकंदांची विश्रांती. म्हणजे शेवटचे ४० सेकंद हा सगळ्या कुस्तीचा सहावा हिस्सा झाला. आणि सरावात आपण कुस्ती नेहमी ०-० पासून सुरू करतो! मागे असताना कसं लढायचं हे पोरगं मग थेट स्पर्धेत पहिल्यांदा अनुभवतं.

फलकावर गुण लिहा, घड्याळ सगळ्यांना दिसेल असं ठेवा आणि प्रसंग द्या. एक गुणाने मागे, ४० सेकंद उरलेत, समोरचा पोराचे हात धरून ठेवून वेळ काढतोय. किंवा एक गुणाने पुढे, २० सेकंद उरलेत आणि पाय समोरच्याच्या हातात आहे. किंवा दोघांचा एकेक पट झालाय, २-२ अशी बरोबरी, पण शेवटचे गुण समोरच्याचे, म्हणजे घड्याळ संपलं की हार. एक प्रसंग निवडा, त्याचे सहा प्रयत्न घ्या, मधे दीड मिनिट विश्रांती. ४० सेकंदांचा प्रसंग असेल तर साधारण अकरा-बारा मिनिटं होतात. आठवड्यातून दोनदा पुरे. रोज केलं तर मुलं ताकद राखून खेळायला शिकतात.

इथे हमखास चुकतं ते जोड लावताना. सगळ्यात कच्च्या पोराला सगळ्यात तगड्याशी चार गुणांनी मागे ठेवून सोडलं की तो खंबीर होत नाही, हरायला सरावतो. माझा अंदाजाचा हिशोब असा: दहा प्रयत्नांत तीन-चार वेळा जमलं तर प्रसंग योग्य आहे. एकदाही जमत नसेल तर वेळ वाढवा किंवा जोडीदार बदला. आठ वेळा जमत असेल तर ४० चे २५ सेकंद करा. प्रत्येक पोराचा हिशोब वेगळा असतो, म्हणून वही ठेवा. लक्षात राहतं असं वाटतं, पण राहत नाही.

मुलांना सांगायला खऱ्या कुस्त्याही आहेत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाच्या लढतीत साक्षी मलिक मध्यंतराला ०-५ ने मागे होती आणि ८-५ ने जिंकली. त्यातला आठवा गुण समोरच्या बाजूने पंचांच्या निर्णयाला दिलेलं आव्हान फेटाळलं गेल्यामुळे मिळाला. टोकियोत उपांत्य लढतीत रवीकुमार दहिया २-९ ने मागे होता आणि त्याने समोरच्याला चितपट केलं. अशा लढती दाखवताना शेवटचा क्षण दाखवून टाळ्या घेऊ नका. मागे असताना दर वेळी मध्यभागी येताना त्यांची मान, खांदे, पावलं कशी आहेत, तेवढंच थांबवून थांबवून दाखवा.

दमवणारा सराव हा जपून वापरायचा प्रकार आहे. एकाला मधे ठेवून दर ३० सेकंदांनी ताजा जोडीदार सोडायचा, हे सगळीकडे चालतं. पंधरा वर्षांखालच्या मुलाला एका वेळी दोन मिनिटांच्या वर नको. पट काढताना त्याचं डोकं खाली जायला लागलं की तिथेच थांबवा. खाली डोकं घालून घुसणं म्हणजे मानेला धोका, आणि दमलेल्या अवस्थेत घोटलेली चूक अंगात भिनते ती वेगळीच. शिक्षा म्हणून तर हा प्रकार कधीच नको. जोर-बैठकाही शिक्षा म्हणून देऊ नयेत. ज्या मेहनतीवर पोराचं सगळं उभं राहणार, तिचीच त्याला चीड बसवण्यात काय शहाणपण?

कुस्तीआधी पोट गुरगुरणं, जांभया येणं, तीनदा लघवीला जाणं हे सगळं होतं आणि ते शरीर तयार होत असल्याचं लक्षण आहे, हे आधीच सांगून ठेवा. न सांगितल्यास मूल समजतं की आपणच भित्रे. १५-२० मिनिटं अंग गरम, घाम फुटेपर्यंत. त्यात दोन-तीन जोरदार झटापटी, पहिली झटापट मॅटवर व्हायला नको. सरावाच्या कुस्त्यांआधीही हाच क्रम ठेवा, म्हणजे स्पर्धेत तो ओळखीचा वाटतो.

दोन फेऱ्यांच्या मधल्या ३० सेकंदांत पहिले दहा सेकंद गप्प बसा. पोराला तेव्हा ऐकूच येत नसतं. घाम पुसा, श्वास खाली येऊ द्या. मग एकच गोष्ट सांगा, शक्यतो हाताने दाखवून: ‘डावा पाय पुढे येतोय त्याचा, तोच घे.’ शेवटी गुण किती आणि वेळ किती. चार सूचना दिल्या तर एकही पाळली जात नाही. कडेला बसलेल्या वडिलांनी वेगळंच ओरडायचं नाही, हे पालकांशी स्पर्धेआधी बोलून घ्यायला हवं. तिथे नंतर भांडून उपयोग नसतो.

जिंकण्याचं ध्येय मुलाच्या हातात नसतं, अर्धं समोरच्याच्या हातात असतं. ‘पहिल्या मिनिटात पटाचे तीन खरे प्रयत्न’ हे त्याच्या हातात असतं. कुस्तीनंतर आधी तेच विचारा, निकाल नंतर. लवकर वाढ झालेल्या मुलांच्या बाबतीत हे फार जपावं लागतं. बाराव्या वर्षी मिसरूड फुटलेला पोरगा नुसत्या ताकदीवर सगळ्यांना उचलतो आणि कौतुक होतं ते निकालाचं. सोळाव्या वर्षी बाकीचे त्याच्याएवढे होतात, ताकदीची बढत संपते आणि डाव तर शिकलेलाच नसतो. अशी मुलं कुस्ती सोडतात तेव्हा लोक म्हणतात मनाने कच्चा निघाला. तो कच्चा नव्हता. बाराव्या वर्षी त्याला वयाने मोठ्या, पण अंगाने सारख्या जोडीदारांशी घोटवायला हवं होतं.

हरल्यावर पंधरा मिनिटं विश्लेषण नाही. हात मिळवायचा, पाणी प्यायचं, रडू आलं तर रडू द्यायचं. पण एकटं कुठे निघून जाऊ द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ बघायचा आणि दोनच गोष्टी काढायच्या, एक जमलेली आणि एक पुढच्या आठवड्यात घोटायची.

आणि एखादं पोरगं एकाएकी चिडकं झालं, सरावाच्या वेळी रोज पोट दुखायला लागलं, झोप उडाली, तर ‘मन कमकुवत’ म्हणण्याआधी त्याच्या जेवणाची चौकशी करा. कित्येकदा ते वजनासाठी उपाशी असतं, पाणीसुद्धा तोडलेलं असतं. वाढत्या वयाच्या मुलाचं वजन उतरवून खालच्या गटात बसवू नका, तो जेवढा आहे त्या गटात लढवा. दुखणं लपवणाऱ्याला शाबासकी देऊ नका. सरावात डोकं आपटून गरगरलं, उलटीसारखं वाटलं, गुण किती झाले ते सांगता येईना, तर त्या दिवशी मॅट बंद आणि डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत बंदच. मग तो कितीही म्हणो, ‘वस्ताद, मी ठीक आहे.’