आजीच्या लुगड्यावरचे फोटो

आज वेंगुर्ल्याच्या घरी ताईने माजघरात केलेली फोटोंची मांडणी पाहिली. आजीच्या विटलेल्या सुती लुगड्यावर सायनोटाइपने छापलेले घरातले जुने फोटो, वाशांना टांगलेले. हे तंत्र इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलचं, १८४२ सालचं: लोहक्षारांचं द्रावण कापडाला लावायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं, मग पाण्याने धुवायचं. गडद निळं चित्र उमटतं. डार्करूम नको, खळ्यातलं ऊन पुरलं.

गिरणीत कामाला गेलेल्या आजोबांचा मुंबईच्या स्टुडिओतला फोटो आहे. कोट इतका मोठा की बाहीतून नुसती बोटांची टोकं दिसतात. शेजारी आजी नाही, त्या काळातला तिचा एकही फोटो नाही. तिच्या जागी ताईने कोरं लुगडं सोडलंय, आजीने स्वतः केलेल्या रफूसकट. मला हेच सगळ्यात भिडलं. काकी तिथे बोट ठेवून म्हणाली, "ह्ये टाके तिचेच गो!"

गणपतीत चाकरमानी येतील तेव्हा पुन्हा मांड, असं ताईला बजावलंय. त्यांच्या ट्रंकांत अजून फोटो असणार.