एक फ्रेम, सोळा पानं : मार्गारेट कझिन्स (टप्पा सहावा)

मंडळी, आयर्लंडमधून भारतात आलेल्या मार्गारेट कझिन्स यांची गोष्ट टपाल तिकिटांतून सांगणारी प्रदर्शनाची एक फ्रेम मी मांडतेय. तिची अकरा पानं झाली, पाच राहिली. पण मागच्या टप्प्यात दाखवलेला आराखडा मी मोडलाय, तो का हे आधी सांगते.

तेव्हा 'आयर्लंड' आणि 'भारत' असे सरळ दोन भाग पाडले होते. 1878 साली रॉसकॉमनमधल्या बॉइल गावी जन्म, डब्लिनला संगीताची पदवी, स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ, हा पहिला. 1915 मध्ये नवऱ्याबरोबर, म्हणजे जेम्सबरोबर, मद्रासला आल्या, तिथून दुसरा. सगळी पानं सतरंजीवर मांडून लांबून पाहिली, तर दोन वेगळ्या बायकांचे संग्रह शेजारी ठेवल्यासारखे दिसले. म्हणून आता कणा बदललाय. तीन तुरुंग : हॉलोवे 1910, टलमोर 1913, वेल्लोर 1932. बाकी सगळं त्यांच्या मधे बसतं, आणि नीट बसतं.

हॉलोवेचं पान सोपं गेलं. लंडनच्या डाउनिंग स्ट्रीटवर खिडक्यांवर दगड मारले म्हणून महिनाभर कैद. इथे ब्रिटनचं 1968 चं नऊ पेन्सचं तिकीट लावलंय, एमलीन पँकहर्स्ट यांच्या पुतळ्याचं. त्याच वर्षी आयर्लंडने काउंटेस मार्केव्हिच यांचं तिकीट काढलं होतं. फार देखणं आहे, आणि ते मी लावलंही होतं. काढलं. मार्केव्हिच ब्रिटिशांविरुद्धच्या 1916 च्या डब्लिनच्या उठावात बंदूक घेऊन उतरल्या, तेव्हा मार्गारेटबाई मद्रासमध्ये होत्या. मार्गारेटबाईंचा चेहरा असलेलं तिकीट मला आजवर कुठे मिळालेलं नाही, त्यामुळे ही गोष्ट शेजारपाजारच्यांच्या तिकिटांवरूनच सांगावी लागते. अशा वेळी शेजारी जास्त झाले की बाई झाकली जाते. प्रत्येक तिकिटाला एकच प्रश्न विचारायचा असं ठरवलंय : याच्यापाशी त्यांनी स्वतः काय केलं?

मद्रासच्या पानावर ॲनी बेझंट (1963). कझिन्स दांपत्याला भारतात बोलावलं त्यांनी, जेम्सना आपल्या वर्तमानपत्रात घेतलंही त्यांनीच. पुढे डब्लिनच्या उठावाची तारीफ करणारा लेख जेम्सनी लिहिला आणि ती नोकरी गेली. मग मदनपल्लीच्या कॉलेजात बेझंटबाईंनीच त्यांची सोय लावली. मागे ठेवून आलेलं आयर्लंड असं त्यांच्या घरात शिरलं. पण त्यामुळेच फेब्रुवारी 1919 मध्ये रवींद्रनाथ मदनपल्लीला मुक्कामाला आले तेव्हा 'जन गण मन'ची चाल टिपून घ्यायला संगीत शिकलेली बाई तिथे हजर होती. टागोरांचं 1961 चं तिकीट मी मधोमध लावलं नाही, डाव्या कडेला घेतलंय. मधे मजकूर आहे, स्वरलिपी लिहिणारीचा.

सरोजिनी नायडूंच्या तिकिटाने (1964) मात्र रडवलं. डिसेंबर 1917 मध्ये मताधिकार मागायला स्त्रियांचं शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं. ते घडवून आणण्यात मार्गारेटबाई पुढे होत्या, नेतृत्व सरोजिनीबाईंचं. पावसाळ्यात ओल लागली आणि तिकीट माउंटच्या, म्हणजे ते ठेवायच्या पारदर्शक पाकिटाच्या, आत चिकटलं. चिमट्याने खालचा डावा कोपरा उचलला तर दोन दातांखालचा गोंद माउंटलाच राहिला. तिथेच थांबले. आता दुसरं कोरं तिकीट शोधतेय.

वेल्लोर हे माझं आवडतं पान. ज्या बाईने सरकारी काचा फोडल्या त्या मद्रासमध्ये मानद मॅजिस्ट्रेट झाल्या, आणि 1932 मध्ये सरकारच्या वटहुकमांविरुद्ध जाहीर बोलल्या म्हणून एक वर्षाची शिक्षा घेऊन पुन्हा आत गेल्या. इथे 1984 च्या किल्ल्यांच्या संचातलं एक रुपयाचं वेल्लोरचं तिकीट आहे. त्याच संचात आपला सिंहगडही आहे, दीड रुपयाचा! चारही तिकिटं जोडून लावायचा मोह आवरला. किल्ला म्हणजे तुरुंग नव्हे, त्यामुळे खाली 'वेल्लोर, शिक्षा भोगली ते गाव' एवढंच लिहिलंय. परीक्षकाने बोट ठेवण्याआधी आपणच ठेवावं.

सध्या हातात पुण्याचं पान आहे. जानेवारी 1927, फर्ग्युसन कॉलेज, अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. स्त्रियांना शिक्षण कसं हवं ते स्त्रियांनीच सांगावं, असं पत्र मार्गारेटबाईंनी आदल्या वर्षी ठिकठिकाणी धाडलं आणि त्यातून ही परिषद उभी राहिली. तिकीट लावतेय धोंडो केशव कर्व्यांचं, 18 एप्रिल 1958 चं. अण्णा त्या दिवशी शंभर वर्षांचे झाले आणि हयात होते. त्यांनी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं. हेही शेजाऱ्याचंच तिकीट, पण परिषद भरण्याआधीपासून तिथली वाट कुणी पाडली होती ते यातून दिसतं. मजकूर तीनदा लिहिला, तिन्ही वेळा लांबला. सहा ओळींत बसवायचाय.

राहता राहिलं टलमोर. आयर्लंडच्या होमरूल विधेयकात स्त्रियांना मत नाकारलं, म्हणून जानेवारी 1913 मध्ये डब्लिन कॅसलच्या खिडक्या फोडल्या. महिन्याची शिक्षा झाली. राजकीय कैद्याची वागणूक मिळावी म्हणून आत उपोषण केलं, आणि ती मिळवली. हे पान पूर्ण कोरं आहे. मला टलमोर पोस्टाचा त्या एक-दोन वर्षांतला शिक्का असलेलं पाकीट हवंय, साधंसुधं चालेल, फाटकंही चालेल. कुणाच्या डब्यात असेल तर कळवा. तिकीट बहुधा पंचम जॉर्जचं असणार, कारण तेव्हा तिथे ब्रिटनचीच तिकिटं चालत. राजाच्या डोक्यावर टलमोरचा काळा शिक्का, एवढं एकच त्या पानाच्या मधोमध ठेवायचंय.