चेंबर्सबाईंचं शॉर्टहँड

"हे पुस्तक चेंबर्स यांनी लिहिलेलं नाही," असं मी पंचहौदला आमच्या महिला मंडळात म्हणाले, तेव्हा दोघीतिघींनी हातातल्या प्रतीचं मुखपृष्ठ पुन्हा पाहिलं. नाव तर त्यांचंच आहे. 'माय अटमोस्ट फॉर हिज हायेस्ट', वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक मनन, साल १९२७. पण स्कॉटिश प्रवचनकार ऑस्वल्ड चेंबर्स प्रभूकडे गेले १५ नोव्हेंबर १९१७ला, वयाच्या ४३व्या वर्षी. कैरोजवळ झैतूनच्या छावणीत ते वायएमसीए या ख्रिस्ती संस्थेतर्फे सैनिकांमध्ये सेवा करत होते. अपेंडिक्सचं दुखणं त्यांनी अंगावर काढलं. लढाईतल्या जखमींना खाटा लागतील म्हणून दवाखान्यात जाईनात.

पुस्तक उभं केलं त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी. आजारपणामुळे लहानपणी त्यांची शाळा सुटली, तेव्हा घरी बसून त्या पिटमन शॉर्टहँड शिकल्या. मिनिटाला २५० शब्दांचा वेग होता म्हणतात. मी शिवाजीनगर कोर्टात स्टेनो होते. आमच्या सरकारी परीक्षेत १२० शब्द म्हणजे मोठी मजल! लंडनच्या क्लॅपहॅममधल्या बायबल ट्रेनिंग कॉलेजात आणि पुढे झैतूनला पती बोलत, त्या लिहून घेत.

मला मात्र वेगापेक्षा पुढचं काम मोठं वाटतं. पिटमनमध्ये बारीक रेघ 'प', तीच ठळक केली की 'ब'. स्वर बहुतेक गाळलेले असतात. त्यामुळे वही ताजी असतानाच टाइप करावी लागते. नंतर स्वतःचंच लिहिलेलं लागत नाही. या बाई तर कितीतरी वर्षांपूर्वीच्या वह्या उलगडत बसल्या, ज्यांचा आवाज त्यात होता ते माणूस गेल्यावर. पदरात लहान मुलगी, ऑक्सफर्डला विद्यार्थ्यांना घरी राहायला-जेवायला ठेवायचं, आणि त्यातून वेळ काढून हे. पानं वाचताना अजून बोलणं ऐकू येतं. वाक्यं तुटक, थेट 'तू' म्हणून विचारणारी. प्रार्थना ही मोठ्या कामाची तयारी नव्हे, प्रार्थना हेच मोठं काम, असं ते एके ठिकाणी सांगतात. त्या वाक्यांना घासूनपुसून गुळगुळीत करण्याचा मोह बाईंना झाला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

प्रस्तावनेखाली त्यांनी फक्त 'बी. सी.' एवढंच लिहिलं, म्हणजे बिडी चेंबर्स; पती त्यांना बिडी म्हणत. १९६६ साली त्या गेल्या. तोवर याच वह्यांमधून त्यांनी पतीची आणखी पुस्तकं काढली, सगळी पतीच्याच नावावर.