खिशातला स्टेपलर

तुरीचं नवं वाण काढणाऱ्या आमच्या सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसला तरी स्टेपलर असायचाच. नव्या माणसाला वाटायचं, साहेब ऑफिसातून उठून तसेच शेतात आले. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. मग त्यांनी मला तुरीच्या वाफ्यात उकिडवं बसवलं. रोपं बारा-पंधरा दिवसांची होती. रोगट झाडाचं एक फिकट, चट्टे पडलेलं पान त्यांनी तोडलं, निरोगी रोपाच्या पानावर दुमडलं आणि खटॅक.

"हे पान वाळलं की त्यावरचे कोळी म्हणतात ते बारीक किडे हिरव्या पानावर चालत जातात. डोळ्याला दिसत नाहीत, पण वांझ रोग तेच नेतात. मग बघायचं, कोण टिकतंय."

ही पद्धत सत्तरच्या दशकात हैदराबादजवळच्या पाटणचेरूला, इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेत निघाली, हे त्यांनीच नंतर सांगितलं. माझ्या डोक्यात मात्र ती आजही सरांचीच आहे. पिनांच्या मागणीपत्रावर सही करताना आमच्या भांडारातला माणूस दर वर्षी विचारायचा, "एवढे कागद लिहिता तरी काय?"

वांझ रोगाचं झाड मरत नाही. झुडपासारखं पसरतं, पाला भरपूर, पण फूल नाही. रोजंदारीवर येणाऱ्या मावशी होत्या, त्यांना मूलबाळ नव्हतं. एकदा मी वाफ्यातून ओरडलो, "सर, ही सगळी वांझ निघाली!" सरांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून वाफ्यात तो शब्द बंद झाला, रोगाच्या इंग्रजी नावातलं 'मोझॅक' म्हणायचं ठरलं. कारण त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मावशींवर त्यांचा फार जीव. संकर करायला त्यांच्याइतका हलका हात कुणाचाच नव्हता. उद्या उमलणारी पिवळी कळी आज उघडायची, चिमट्यानं दहाच्या दहा पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, रंगीत दोरा बांधायचा. एवढं करून निम्म्याहून जास्त कळ्या गळून जातात. मी चिडायचो. मावशी म्हणायच्या, "गळूं दे की, बाबा. झाडाला बी कळतंय किती सोसंल ते."

सरांना काय हवं होतं, ते सांगायला सोपं आहे. बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीएसएमआर ७३६ ही तूर या रोगाला दाद देत नाही, पण पिकायला वेळ घेते. तिथलंच दुसरं वाण, बीडीएन ७११, लवकर येतं. आपल्याकडं पाऊस सप्टेंबरात पाठ फिरवतो आणि शेंगा भरायच्या वेळी हलक्या रानात ओल उरत नाही. तर ७३६ सारखी टणक आणि ७११ सारखी घाईची अशी एक तूर. सांगायला सोपं. तुरीची वर्षाला एकच पिढी मिळते, मधमाशी शेजारच्या झाडाचा पराग आणून घोळ घालते म्हणून झाडांवर जाळीच्या पिशव्या घालाव्या लागतात, आणि संकरापासून वाण हाती यायला दहा-बारा वर्षं सहज जातात. "आपल्या कामात रिटायरमेंटचा हिशेब करून संकर करावा लागतो," असं म्हणून हसायचे. त्यांचा हिशेब बरोबर होता. चौदा वर्षं नोकरी बाकी होती.

सर औशाकडचे. येळवशीला, म्हणजे रानात जेवायच्या वेळ अमावस्येला, डबा भरून भाज्या-दाण्यांची भज्जी आणि मडक्यात आंबील आणायचे, सगळ्यांना बांधावर बसवून वाढायचे. भज्जीतले तुरीचे दाणे मात्र घरच्या रानातले. समोर हजारो शेंगा लगडलेल्या असायच्या, पण ट्रायलमधली एक शेंग तोडू द्यायचे नाहीत. एका बड्या पाहुण्यानं बोलता बोलता दोन सोलून खाल्ल्या, तर सरांनी फील्डबुक काढून त्याच्यासमोरच लिहिलं: 'ओळ ८८, दोन शेंगा वजा.'

नोव्हेंबरात गेले. तूर फुलात होती. सकाळी म्हणाले, छातीत जळजळतंय, ॲसिडिटी असेल. दुपारी नव्हते. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

फील्डबुकं माझ्याकडे आली. अक्षर असं, की मुंग्या शाईत पाय बुडवून गेल्यासारखं. बरंचसं मला लागायचं. ओळ २१४ वर अडलो. पाचवी पिढी, रोग शून्य, फुलं लवकर, शेंगा घोसाघोसानं. आम्ही सगळे जिच्यावर डोळा ठेवून होतो, तीच ओळ. आणि तिच्यापुढं गोल करून लिहिलेलं: 'मावशींना विचारणे.'

वही घेऊन मावशींकडं गेलो. त्या खुरपं बाजूला ठेवून बसल्या.

"ती व्हय. काढणी झाली की सायेब समद्या चांगल्या ओळींची मूठ-मूठ डाळ देयाचे मला. शिजवून सांगा म्हणायचे. ही शिजतच न्हाई, बाबा. चुलीवर लाकडं सपली पर दाणा तसाच. मी सांगितलं तर सायेब म्हणले, अजून एकदा बघू."

"मग बघितलं का?"

"कधी बघनार?"

त्या हंगामात २१४ ची मूठभर डाळ मी त्यांना परत दिली, थोडी घरी आणली. आमच्याकडं कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या. मावशींनी दुसऱ्या दिवशी नुसती मान हलवली.

मी वही उघडली. सरांच्या गोलाखाली तारीख घातली आणि माझ्या निळ्या पेननं लिहिलं: 'शिजत नाही. ओळ रद्द.'