कोपर दाखवता येतं
जांघेत चार लाल-जांभळे पट्टे दिसले तेव्हा वाटलं, झालं, सोरायसिस, तो खवल्यांच्या चट्ट्यांचा कातडीचा आजार, आता इथंपण आला. कोपरं, गुडघे, डोकं आधीच झालेलं. मग तिथंपण तीच ट्यूब चोपडली, दिवसातनं दोनदा.

ट्यूब क्लोबेटासोलची, म्हणजे स्टेरॉइडचं मलम. पहिल्यांदा डॉक्टरांनीच दिलेली, फक्त कोपरासाठी, दोन आठवडे. आठ दिवसात खवले गायब, मग चिठ्ठी राहिली पाकिटात आणि मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधनं आणत राहिलो, तो पण काही विचारायचा नाही. दीड वर्ष!

शेवटी मिरजेला कातडीच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. बाकावर शेजारी तासगावचे एक काका, त्यांना सोरायसिसची गोळी, मेथोट्रेक्सेट, आठवड्यातनं एकदा दिलेली, त्यांनी रोज खाल्ली, तोंड सगळं सोलून निघालेलं आणि चट्ट्यांवर पण जखमा. मला त्यांची कीव आली, आपण काय दिवे लावलेत ते अजून कळायचं होतं.

मॅडमनी कातडी बोटानं ताणून बघितली, म्हणाल्या हा आजार नाही, स्ट्रेच मार्क आहेत, औषधानं झालेत. एवढं स्ट्राँग स्टेरॉइड रोज लावलं की कातडी पातळ होते, आणि जांघ, काख असल्या घडीच्या जागी तर ते जास्तच मुरतं. सलग दोन आठवडे आणि आठवड्याला 50 ग्रॅम, याच्या वर जायचं नाही म्हणे. मी मनात ट्यूबा मोजायला घेतल्या आणि सोडून दिलं.

घरी येऊन वर शहाणपणा, ट्यूब एका दिवसात बंद. हळूहळू कमी करा म्हणून सांगितलेलं, पण ऐकतोय कोण. पंधरा दिवसात कोपरावर आधी होते त्याच्या दुप्पट चट्टे, शर्टाची बाही घासली तरी रक्त.

मग कॅल्सिपोट्रिऑल आलं, सोरायसिसचंच दुसरं मलम, स्टेरॉइड नसलेलं. ते चेहऱ्याला चालत नाही, लावून झालं की हात धुवायचे, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं, पण तो कागद कोण वाचतो. रात्री लावलं, तसाच गालाखाली हात घेऊन झोपलो, सकाळी एक गाल लालभडक, नुसती आग. आई म्हणाली हळद लाव. सांगलीत दुसरं काय सांगणार, रिक्षावाल्यानंपण तेच सांगितलं! नाही लावली, आधीच दोन औषधांनी भाजलेला माणूस मी. ते थांबवलं, चार दिवसात गाल ताळ्यावर आला.

आता उशाला परत कॅल्सिपोट्रिऑलची ट्यूब आणि हात धुवायला बेसिनला साबण. कोपरं बरी आहेत, जांघेतले पट्टे पांढरे पडलेत पण जाणार नाहीत म्हणाल्या मॅडम. आई विचारते, कमी झालं का रे? मी बाही वर करून कोपर दाखवतो. जांघ काय दाखवणार.