घाट उतरायचा तो गिअरमध्येच

मागच्या नोव्हेंबरात बाबांना मागे बसवून पुण्याहून पोलादपूरला गेले, माझ्या रॉयल एनफिल्ड हिमालयनवर. आमचं घर तिथून थोडं आत आहे, पावसाळा संपला की एकदा जायचं, कौलं बघायची, दारं उघडून घराला वारा लागू द्यायचा, हे दरवर्षीचं काम. बाबा नेहमी एसटीने जातात, या वेळी स्वतःहून म्हणाले, "तुझ्या गाडीवर येतो गं." बाबा ६८ वर्षांचे आहेत आणि मला दुचाकी शिकवली ती त्यांनीच, त्यांच्या जुन्या बजाज एम-एटीवर, त्यामुळे मला किती आनंद झाला ते विचारूच नका.

माझी गाडी ४११ सीसीची, २०२० ची. १९९ किलो वजन आणि २४ हॉर्सपॉवर. हायवेवर तिच्यापेक्षा हलक्या गाड्या सूं करून पुढे निघून जातात, जाऊ देत, पण घाट लागला की हीच गाडी हातात बसते. लाँग स्ट्रोक इंजिन आहे, ३२ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, चार-साडेचार हजार आरपीएमलाच मिळते, म्हणून सेकंड गिअरला टाकून ठेवायची आणि दोन माणसं, दोन बॅगा घेऊन ती आपली धक धक करत चढत राहते, सारखा गिअर खालीवर करावा लागत नाही. छोटी गाडी चढावर पिळावी लागते, फार मोठी गाडी अरुंद वळणात वळवताना खांदे दुखतात. आपल्या सह्याद्रीच्या घाटांना ही मधली गाडीच बरोबर, असं माझं ठाम मत आहे.

ताम्हिणीतून नेहमी जाते म्हणून या वेळी भोरवरून वरंधा धरला. पावसाळ्यात हा घाट दरडींमुळे बंद करतात, त्यामुळे नोव्हेंबरात तो नुकताच झोपेतून उठल्यासारखा असतो. भोर सोडलं की नीरा देवघरचं पाणी कितीतरी वेळ रस्त्याबरोबर चालतं, बाबा मागून "थांब थांब" करत होते आणि मी थांबत होते. वाघजाईच्या देवळापाशी टपरीवर कांदाभजी, चहा. तिथून खाली बघितलं की शिवथरघळीचा सगळा हिरवा खड्डा दिसतो, समर्थांनी दासबोध रचला ती जागा, बाबांनी तिथूनच हात जोडले.

आणि मग उतार सुरू झाला.

आता मी कशी उतरत होते ते नीट सांगते, कारण खूप जण असंच उतरतात. वळण आलं की क्लच धरायचा, मागचा ब्रेक पायाने हलका दाबून ठेवायचा, वळण संपलं की क्लच सोडायचा, पुढचं वळण आलं की परत तेच. घाटात वळणामागून वळण, म्हणजे पाय ब्रेकवरून उठतच नव्हता. बाबांनी असंच शिकवलं होतं, क्लच धर, गाडी मोकळी सोड, पेट्रोल वाचतं. एकटी असताना कधी काही जाणवलं नव्हतं. त्या दिवशी मागे बाबा आणि दोन्ही बाजूंना बॅगा.

माझेरीच्या अलीकडे एका डाव्या वळणाआधी ब्रेक दाबला तर पेडल खाली गेलं. म्हणजे ब्रेक लागतोय पण पुरा नाही, आणि पायाखाली स्पंजवर पाय दिल्यासारखं मऊ. परत दाबला, अजून खाली. पुढे वळणावर बारीक खडी पसरलेली दिसत होती, तिथे पुढचा ब्रेक जोरात धरला तर चाक सटकणार हे माहीत होतं, पोटात एकदम गोळा आला. तेव्हा जे सुचलं ते एवढंच की सेकंड टाकला आणि क्लच सोडून दिला. इंजिन केवढ्यांदा ओरडलं! बाबा माझ्या पाठीवर आदळले, पण गाडी धरली गेली, कोणीतरी मागून पकडून ओढावी तशी. खडीच्या आधी रस्ता सरळ होता तेवढ्यात पुढचा ब्रेक हळूहळू दाबत डोंगराच्या बाजूला, गटाराच्या कडेला गाडी उभी केली. स्टँड लावला आणि मग हात थरथरायला लागले.

मागच्या चाकातून जळका वास येत होता. बाबांनी पाण्याची बाटली काढली ब्रेकच्या डिस्कवर ओतायला, तेवढ्यात मागून भाजीचा पिकअप आला, ड्रायव्हर काच खाली करून ओरडला, "काका, पाणी नका ओतू, डिस्क वाकडी होईल!" तो गाडी कडेला लावून उतरला, वाकून वास घेतला आणि मला विचारलं, "ताई, क्लच धरून उतरत होता ना?" मी हो म्हणलं. "चढताना जो गिअर लागतो ना, त्याच गिअरवर उतरायचं. एसटीवाला बघा, कधी गाडी मोकळी सोडतो का?" एवढं बोलून, अर्धा तास थांबा म्हणून तो गेला. नाव विचारायचं राहिलं याची मला अजून चुटपुट आहे.

तो अर्धा तास आम्ही कठड्यावर बसून होतो. बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मीच सांगितलं होतं तुला, क्लच धर म्हणून." आणि इथे मला मनापासून एक गोष्ट सांगायचीय, बाबांचं तेव्हा चुकलेलं नव्हतं. एम-एटी टू-स्ट्रोक होती, तिचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असायचं. लांब उतारावर गिअरमध्ये, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) बंद करून उतरलं की इंजिन फिरतं जोरात पण पेट्रोल जातं थोडं, म्हणजे ऑइलही थोडंच, आणि पिस्टन जाम व्हायची भीती. म्हणून त्या काळातले लोक उतारावर क्लच धरायचे नाहीतर मधेमधे थ्रॉटल द्यायचे. शिवाय ती गाडी होती केवढीशी, ब्रेकवर भार तो किती येणार. तीच सवय १९९ किलोच्या फोर-स्ट्रोकवर आली, वर दोन माणसं आणि बॅगा, तिथे गणित बिघडलं.

ब्रेक गार झाल्यावर पेडल बऱ्यापैकी परत आलं. फर्स्ट-सेकंडवर रांगत महाडला पोचलो आणि तिथे एका गॅरेजमध्ये ब्रेकचं ऑइल काढलं, काळपट, उकळलेल्या चहासारखं. तीन वर्षं मी ते बदललंच नव्हतं. मेकॅनिक काकांनी शांतपणे समजावलं की हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट फोर ऑइल नवीन असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळायला नको, पण ओलावा धरला की तेच दीडशे-एकशे साठच्या आसपास उकळू शकतं. उकळलं की आत बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल नुसतंच खाली जातं. दर दोन वर्षांनी बदलायचं, बास. तुमची गाडी दोन वर्षांच्या वर झाली असेल आणि ऑइल बदललं नसेल तर घाटात जायच्या आधी बदलून घ्या, अगदी हात जोडून सांगते.

घरी दोन दिवस राहून परत येताना आंबेनळीने महाबळेश्वरला चढलो. साधारण ४० किलोमीटरमध्ये जवळजवळ कोकणाच्या पातळीवरून साडेतेराशे मीटरपर्यंत. चढण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, गाडी करते. फक्त हेअरपिनवर, म्हणजे एकदम उलट फिरणाऱ्या वळणावर, एसटी येताना दिसली की वळणाच्या आधीच थांबायचं, तिला पूर्ण रस्ता लागतो, तिचं मागचं चाक आतून कापत जातं. नियमाने चढणाऱ्या गाडीला आधी वाट असते, पण बसपुढे मी तो हक्क सांगत नाही. आणि वळणाच्या चढावर कुठे इंद्रधनुष्यासारखा चट्टा दिसला की सावध व्हायचं, भरलेल्या टाकीतून सांडलेलं डिझेल असतं, त्यावर चाक ठेवलं की गेलंच. सावलीतल्या वळणांवर नोव्हेंबरातही कडेला शेवाळ असतं, तिथे कडा सोडून चालवायची.

अजून एक, माझ्यासारख्या बेताच्या उंचीच्या मुलींसाठी. हेअरपिनमध्ये थांबावं लागलं तर पाय नेहमी चढाच्या बाजूला टेकवा. उताराच्या बाजूला पाय टाकला की जमीन जिथे वाटते तिथे नसते, आणि तेवढ्या दोन इंचांत १९९ किलो कलंडतात. वाडा कुंभरोशीच्या पुढे माझी अशी गाडी कलली होती, बाबांनी पाय टेकवून धरली म्हणून वाचली.

खरी परीक्षा पसरणीची होती, पाचगणीहून वाईला उतरायचं. पाचगणी सोडतानाच सेकंड टाकला आणि ठरवलं, मागच्या ब्रेकला अगदी गरज असेल तरच हात, म्हणजे पाय. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करायचा, पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक एकदा नीट दाबून सोडून द्यायचे, धरून ठेवायचे नाहीत. वळणात क्लचला बोट लावायचं नाही. थ्रॉटल किंचित उघडा, नजर वळणाच्या शेवटावर, दरीवर नाही आणि पुढच्या चाकावरही नाही. डाव्या हेअरपिनला आतली बाजू सगळ्यात उभी असते म्हणून तिथे घुसायचं नाही, आपल्याच लेनच्या बाहेरच्या अंगाने जायचं, पलीकडचं दिसलं की मग आत यायचं. पहिली चार-पाच वळणं मी दात आवळून घेतली. नंतर इंजिनचा आवाज ऐकू यायला लागला, प्रत्येक वळणाआधी तो हूं करून भरायचा आणि गाडी आपोआप बसायची, आणि खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं ते मला चक्क बघता आलं. मागे बाबांनी ग्रॅब रेल सोडून हात मांडीवर ठेवले होते, आरशात दिसले.

वाईत ढोल्या गणपतीच्या घाटावर थांबलो तेव्हा बाबांनी आधी काय केलं असेल, तर वाकून मागच्या डिस्कजवळ तळहात नेला. म्हणाले, "कोमट आहे." मग लगेच पुढचा प्रश्न, "पण मग पेट्रोल जास्त लागलं असेल ना?"

तर ते तसं नाहीये, आणि हे मला त्यांना सांगताना फार बरं वाटलं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बंद करून गिअरमध्ये उतरलं की इंजिनला चाकच फिरवत असतं, मग इंजेक्टर पेट्रोल टाकायचंच थांबवतो, आरपीएम फार खाली आला की परत सुरू करतो. उलट क्लच धरला किंवा न्यूट्रल केली की इंजिन आयडलला चालू ठेवावं लागतं, म्हणजे पेट्रोल लागतंच. आणि चावी बंद करून उतरणारे तर हॉर्न, लाईट, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सगळंच घालवून बसतात.

बाबांना पटलं का नाही ते कळलं नाही, नुसतं "हं" म्हणाले. पुण्यात येऊन टाकी परत काठोकाठ भरली, कारण निघताना पण काठोकाठ भरली होती. ३१२ किलोमीटर, १०.४ लिटर. बाबांनी पंपावरच शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढली, एम-एटीच्या काळापासून अशी डायरी ठेवतात ते, आणि लिहिलं, वरंधा-आंबेनळी-पसरणी, दोघं, बॅगा, ३० चा ॲव्हरेज. खाली एक ओळ सोडून लिहिलं, ब्रेक ऑइल महाड. मग पेन बंद करता करता मला विचारलं, "कुंभार्ली घाट कसा आहे गं, उतरायला?"