६४ म्हणजे दोन तारे

माझ्या टेबलाच्या खणात एक वही आहे. तिच्या शेवटच्या पानांवर आजवर विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्स-की हाताने उतरवून ठेवल्या आहेत. शून्य आणि ओ यांत घोटाळा नको म्हणून शून्याच्या पोटात तिरकी रेघ. मुद्रितशोधनात आयुष्य गेलं की अशा खोडी लागतात. त्या पानांवरच्या चार ओळी गेल्या महिन्यात मी लाल पेनाने खोडल्या. एक ओळ म्युझिक प्लेअरची, तीन त्याच्या ॲड-ऑनच्या, म्हणजे वरून जोडायच्या सोयींच्या.

प्लेअरचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण हे अनेकांच्या बाबतीत घडलेलं आहे. मी ‘आजीवन परवाना’ घेतला होता. पुढे एकेक करून तीन ॲड-ऑन घेतली: एकदम शेकडो फाइलींचे टॅग (फाइलीतच लिहिलेली गाण्याची, गायकाची नावं) सुधारणारं, फोनशी सिंक करणारं आणि एक पॅरामेट्रिक इक्वलायझर, आवाजाचा पोत बारकाईने कमीजास्त करणारा. पहिलं घेताना मन जराही कचरलं नाही. एकाच गायिकेच्या नावाची सहा स्पेलिंगं यादीत एकाखाली एक दिसत असताना मी गाणं ऐकूच शकत नाही. ते ॲड-ऑन आलं त्या शनिवारी जेवायचंही भान नव्हतं.

मग नवा कॉम्प्युटर आला. जुन्या आवृत्तीत वहीतली की टाकली, तर ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही.’ शून्याला ओ करून पाहिलं, ओला शून्य करून पाहिलं. शेवटी कंपनीला लिहिलं. उत्तर फार गोड आलं. त्या आवृत्तीचं ॲक्टिव्हेशन बंद केलं आहे, ‘आजीवन’ म्हणजे त्या आवृत्तीच्या आयुष्यापुरतं, आणि आता सगळं सबस्क्रिप्शनवर असलं तरी माझ्यासारख्या जुन्या ग्राहकांना पहिल्या वर्षी खास सवलत आहे. ‘आजीवन’ या समासाचा विग्रह करताना जीवन कुणाचं, हे मी विकत घेतानाच विचारायला हवं होतं. व्याकरण येऊनही फसले.

माझा भाचा म्हणाला, “मावशी, फुकटातलं वापर ना. गाणी वाजवायला पैसे कोण देतं?” इथे माझं त्याच्याशी पटत नाही. पैसे द्यायला माझी ना नाही. विनॅम्प हा प्लेअर १९९७ मध्ये आला आणि पुढे शेअरवेअर झाला, आवडला तर दहा डॉलर पाठवा अशा बोलीवर. एओएल या इंटरनेट कंपनीने १९९९ मध्ये तो बनवणारी नलसॉफ्ट विकत घेतल्यावर तो फुकट झाला. पुढे विनॅम्प ५ आला, तेव्हा मात्र सीडीवरून थेट एमपी३ बनवायची आणि वेगाने सीडी बर्न करायची सोय पैसे भरून घ्यायच्या प्रो आवृत्तीत ठेवली होती. (विनॅम्प ४ नव्हताच. दोन आणि तीन मिळून पाच, असा त्यांचा हिशोब. असल्या माणसांना दहा डॉलर द्यायला काय हरकत?) विंडोज एक्सपीमध्येही तीच गत. मीडिया प्लेअर एमपी३ वाजवायचा, पण सीडीवरून एमपी३ बनवायची तर दुसऱ्या कंपन्यांचा पॅक वेगळा विकत घ्यावा लागे.

तेव्हा चिडचिड व्हायची, पण त्यामागे कारण होतं. एमपी३ हे तंत्र पेटंटाखाली होतं आणि एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारा प्रोग्राम, देणाऱ्याला परवाना शुल्क भरावं लागे. फुकटातल्या माणसामागे ते शुल्क भरायचं कुणी? म्हणून वाजवणं फुकट आणि बनवणं विकत. एप्रिल २०१७ मध्ये तो परवाना कार्यक्रमच संपला. फ्लॅक या दुसऱ्या फॉरमॅटवर तर पहिल्यापासून असलं ओझं नव्हतं. म्हणजे जुन्या कुलपांमागे निदान एक खरं बिल होतं.

आताची कुलपं बघा. स्लीप टायमर विकत! अर्ध्या तासाने गप्प हो, एवढंच सांगायचं असतं. घड्याळ कॉम्प्युटरचं, गप्प बसणंही फुकट. थीमचा रंग बदलायचे पैसे मी समजू शकते, ती हौस आहे. पण परवा एका मोबाइल प्लेअरमध्ये ‘गॅपलेस’ला, म्हणजे दोन ट्रॅक मधे खंड न पडता वाजवायच्या सोयीला, कुलूप दिसलं आणि डोकं फिरलं.

माझ्याकडे एका मैफलीचं रेकॉर्डिंग आहे. विलंबित एका ट्रॅकमध्ये, द्रुत दुसऱ्यात. ज्याने कुणी ते कापलं त्याने अगदी षड्जावर कापलं आहे. गायिका सा लावून थांबली आहे, तानपुरे चालू आहेत आणि नेमका तिथे ट्रॅक बदलतो. वाईट प्लेअरवर त्या सा-ला उचकी लागते. कारण अगदी साधं आहे. एमपी३मध्ये आवाज १,१५२ नमुन्यांच्या (क्षणाक्षणाला घेतलेल्या आवाजाच्या मापांच्या) चौकटींत भरतात. सीडीच्या वेगाने अशी एक चौकट म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंद. गाणं शेवटच्या चौकटीच्या मधेच संपलं, तर उरलेल्या जागेत शांतता भरली जाते, आणि सुरुवातीलाही एन्कोडर थोडी शांतता घालतो. ती नेमकी किती घातली, हे लेमसारखा एन्कोडर फाइलीच्या डोक्यावर लिहून ठेवतो. प्लेअरने तो आकडा वाचायचा आणि तेवढे नमुने टाकून द्यायचे. छपाईच्या कागदाच्या कडा कापतात तसं. कडा न कापता पुस्तक हातात ठेवायचं आणि ‘कापून हवं असेल तर जादा पडतील’ म्हणायचं, हा धंदा मला कळत नाही. फूबार२००० नावाचा प्लेअर हे कित्येक वर्षं फुकट करतो आहे.

अर्थात बनवणाऱ्याची बाजूही आहे. ऑपरेटिंग सिस्टिम दरवर्षी बदलते, तिच्याशी जुळवून घ्यायचं काम संपत नाही, आणि दहा वर्षांपूर्वी एकदा पैसे दिलेली मी मात्र दर महिन्याला तक्रारीची ईमेल पाठवत असते. त्यात ॲपलच्या ॲप स्टोअरमध्ये ‘जुन्या ग्राहकाला नवी आवृत्ती कमी किमतीत’ अशी सरळ सोयच ठेवलेली नव्हती, त्यामुळे पुष्कळ छोटे डेव्हलपर सबस्क्रिप्शनकडे ढकलले गेले. मला स्वतःला जेरिव्हर या प्लेअरची जुन्या वळणाची रीत पटते. साधारण दरवर्षी नवा आकडा, नवा हवा असेल तर कमी पैशांत घ्या, नको असेल तर जुना आहे तसा वाजवत बसा. नुकसान झालं तरी ते आपण आपल्या हाताने केलेलं असतं.

पण लाल पेन हातात घेतलं ते चार ओळींच्या पैशांसाठी नव्हे. त्या प्लेअरमध्ये मी अकरा वर्षं गाण्यांना तारे दिले होते. रोज काम करताना हेडफोन कानाला असतो, गाणं संपलं की एक ते पाच. साडेतीन हजारांवर गाणी. ते तारे गाण्यांच्या फाइलींत नव्हते, प्लेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये होते. फाइलींत लिहून देणारं ॲड-ऑनही मिळत होतं. चौथं. ते मी घेतलं नव्हतं, कारण तेव्हा वाटलं, तारे इथेच तर आहेत, अजून कुठे लिहायचे?

या धंद्यात ही गोष्ट नवीन नाही, एवढंच दुःखावर मलम. ऑडिओ सीडीवर सहसा गाण्यांची नावंच नसायची, नुसत्या ट्रॅकच्या जागा. सीडीडीबी नावाच्या ऑनलाइन साठ्याने त्या जागांवरून सीडी ओळखायची युक्ती काढली आणि जगभरच्या लोकांनी आपापल्या सीडींची नावं टाइप करून तिथे पाठवली, फुकट, हौसेने. पुढे त्या साठ्याची ग्रेसनोट नावाची कंपनी झाली आणि प्लेअर बनवणाऱ्यांना परवाना घ्यावा लागू लागला. २००८ मध्ये ती सोनीने विकत घेतली. चिडलेल्या लोकांनी फ्रीडीबी हा खुला साठा काढला, तसंच म्युझिकब्रेन्झ उभं राहिलं. त्या नावांत शुद्धलेखनाच्या चुका ज्यांनी दुरुस्त केल्या असतील, ते माझेच जातभाई.

भाच्याने डेटाबेसची फाइल उघडून दिली. एका रात्रीत त्याने सगळे तारे बाहेर काढून फाइलींच्या टॅगमध्ये भरले. सकाळी दुसऱ्या प्लेअरमध्ये पाहते, तर सगळ्यांचे गुण उतरलेले. एमपी३च्या टॅगमध्ये रेटिंग ० ते २५५ अशा आकड्यात ठेवतात, पण कुठला आकडा म्हणजे किती तारे, यावर प्लेअरांचं एकमत नाही. विंडोज मीडिया प्लेअरच्या रीतीने १, ६४, १२८, १९६ आणि २५५ म्हणजे एक ते पाच तारे. भाच्याने तीच रीत वापरली होती. नवा प्लेअर मात्र २५५ला सरळ पाचने भागत होता. त्याच्या हिशोबाने ६४ म्हणजे सव्वा तारा आणि १९६ म्हणजे पावणेचारच्या थोडं वर. अकरा वर्षांच्या माझ्या मतांचं फेरतपासणीत असं झालं. पाच तारेवाले तेवढे सहीसलामत.

पुन्हा भाचा, पुन्हा एक रात्र, आणि एक पिझ्झा माझ्याकडून.

आता कॉम्प्युटरवर फूबार आहे. फोनसाठी मात्र मुद्दाम पैसे घेणारा प्लेअर शोधला, एकाच माणसाने बनवलेला. विकत घ्यायच्या आधी त्याला तीन प्रश्न पाठवले: तुमचा सर्व्हर बंद पडला तर हा उघडेल का, तारे फाइलीत लिहिता का, आणि ‘एकदाच पैसे’ म्हणजे नक्की किती वर्षं? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. उघडेल. लिहितो, आणि ६४ म्हणजे दोन. मोठी आवृत्ती आली तर पुन्हा पैसे घेईन, पण जुनी बंद करणार नाही.

तिसरं उत्तर मला तितकंसं आवडलं नाही. पैसे दिले. खोडलेल्या चार ओळींखाली नवी की उतरवली आहे, तिच्यात तीन शून्यं आहेत आणि एक ओ.